गाडी म्हातारी झाली म्हणून जाड ऑइल टाकायचं का? आकडा वाढवण्याआधी हे वाचा

हायवेवरचं कुठलंही गॅरेज घ्या. कळंबोलीचं घ्या, नाहीतर नाशिकच्या द्वारकेजवळचं. दहा-बारा वर्षं जुना ट्रक उभा आहे, मीटरवर सहा लाखांच्या पुढे किलोमीटर आहेत आणि मालक कम ड्रायव्हर असलेला दादा मिस्त्रीला सांगतोय, "मिस्त्री, दर खेपेला लिटरभर ऑइल खातीय. घाटात लाल लाइट पण फडफडते."

मिस्त्री पान्यावरचं ग्रीस पुसत एका वाक्यात निकाल देतो. "गाडी म्हातारी झाली दादा. आता जाड ऑइल टाका. २०डब्ल्यू-५०."

दादा डबा घेतो, ऑइल बदलतो, लाइट फडफडायची थांबते. सगळे खूश.

आता प्रश्न असा आहे की इंजिन खरंच बरं झालं, की फक्त लाइट गप्प बसली?

प्रश्न छोटा वाटतो, पण ज्याच्याकडे एकच गाडी आहे, हप्ता चालू आहे आणि घर त्याच चाकांवर चाललंय, त्याच्यासाठी इंजिन खोलणं म्हणजे काही लाखांचा खर्च आणि वर दोन-तीन आठवडे गाडी उभी. त्यामुळे "जाड ऑइल टाकून अजून एक सीझन काढू" हा मोह अगदी समजण्यासारखा आहे. कधी कधी तो निर्णय बरोबरही असतो. पण कधी, हे ऑइलच्या डब्यावर लिहिलेलं नसतं.

आधी डब्यावरचा तो आकडा नीट वाचू.

१५डब्ल्यू-४० मधला 'डब्ल्यू' म्हणजे वेट नाही. तो विंटर, म्हणजे हिवाळ्याचा आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा सांगतो की कडाक्याच्या थंडीत ऑइल किती घट्ट होतं. नंतरचा आकडा सांगतो की इंजिन पूर्ण तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, ते किती जाड राहतं. हे आकडे अमेरिकेतल्या एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने ठरवलेत आणि जगभर तेच चालतात.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर काकवी पाहिली असेल तर हे लगेच कळेल. काहिलीतून काढलेली गरम काकवी पाण्यासारखी धावते आणि तीच काकवी डिसेंबरच्या सकाळी बरणीतून चमच्याने ओढावी लागते. ऑइलचं तसंच आहे. जाडी मोजायचं एकक आहे सेंटीस्टोक. १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकमध्ये बसणारं ऑइल '४०' नंबरचं आणि १६.३ ते २१.९ मध्ये बसणारं '५०' नंबरचं. बाजारातलं नेहमीचं १५डब्ल्यू-४० साधारण साडेचौदाच्या आसपास असतं, २०डब्ल्यू-५० साडेअठराच्या आसपास. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

इथेच एक मोठा घोळ होतो. अनेकांना वाटतं की २०डब्ल्यू-४० हे १५डब्ल्यू-४० पेक्षा जाड आहे. आकडा मोठा दिसतो ना! पण दोघांच्या शेवटी '४०' आहे, म्हणजे तापलेल्या इंजिनात दोघं एकाच गटातले. फरक फक्त थंडीतला. त्यामुळे "प्रेशर कमी येतंय म्हणून २०डब्ल्यू-४० टाकलं" असं कुणी सांगत असेल, तर त्याने गरम इंजिनासाठी जवळपास काहीच बदललेलं नाही. फक्त सकाळी स्टार्ट करताना ऑइल जास्त घट्ट करून ठेवलंय.

"पण आपल्याकडे उन्हाळा केवढा असतो!"

विदर्भात पारा ४५ च्या वर जातो, मग ऑइल जाडच पाहिजे, हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. तो जुन्या काळातून आलाय. तेव्हा ऑइल एकाच नंबरचं मिळायचं, नुसतं ३० किंवा नुसतं ४०. ऋतू बदलला की ऑइलही बदलायचं. आजचं मल्टीग्रेड ऑइल या कटकटीतून सुटलंय.

शिवाय इंजिनाच्या आतलं हवामान वेगळं असतं. थर्मोस्टॅट नीट असेल तर कूलंट ८० अंशांच्या पुढेच खेळत राहतं, मग बाहेर अकोल्याचा मे असो की निफाडचा जानेवारी. ऑइलचं तापमान बाहेरच्या उन्हापेक्षा लोड आणि चढ जास्त ठरवतात. कसारा घाटात भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढवणं ही ऑइलची खरी परीक्षा.

(थर्मोस्टॅटवरून आठवलं. "गाडी गरम होते" म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. त्याने इंजिन कायम थंड चालतं, डिझेल नीट जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. मग जाड ऑइल शोधत फिरायचं! तुमच्या गाडीत तो आहे की नाही, एकदा विचारून घ्या.)

उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना साधारण ११० सेंटीस्टोक असतं. ४० अंश म्हणजे उन्हाळ्यातली आपली दुपार, काही बर्फ नव्हे. तरीही इंजिनाला चालताना जेवढी जाडी हवी, त्याच्या सात पटींहून जास्त. २०डब्ल्यू-५० तर त्याच तापमानाला १६० च्या पुढे असतं. म्हणजे सेल्फ मारला त्या क्षणी ऑइल कधीच पातळ नसतं, ते गरजेपेक्षा खूप जाड असतं. चेंबरमधून निघून वर रॉकरपर्यंत आणि टर्बोपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फेऱ्या मारू शकतो आणि तो तेलाच्या पातळ थरावरच तरंगत असतो. ते पहिले काही सेकंद सगळ्यात जास्त झीज करतात. जाड ऑइल ते सेकंद वाढवतं.

आणखी एक गोष्ट. थंड ऑइल फारच जाड असेल तर दोन झडपा उघडतात. एक पंपाची, जी जास्तीचं ऑइल परत चेंबरमध्ये सोडते. दुसरी फिल्टरची बायपास झडप. ऑइल फिल्टरमधून जायला नकार देत असेल तर ती त्याला न गाळताच पुढे पाठवते, कारण अजिबात ऑइल न मिळण्यापेक्षा घाण ऑइल बरं. म्हणजे रोज सकाळी जाड ऑइलवर स्टार्ट करून लगेच रेस करणाऱ्या गाडीत काही काळ न गाळलेलं ऑइल फिरतं.

मग झिजलेल्या इंजिनात नेमकं काय होतं?

क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये एक फट असते, साधारण माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. त्या फटीत पंप सतत ऑइल ढकलतो आणि क्रँक त्यावर तरंगत फिरतो. धातूला धातू लागत नाही. लाखो किलोमीटरनंतर बेअरिंग झिजतं, फट वाढते, ऑइल बाजूने लवकर निसटतं. अडवणूक कमी झाली की प्रेशर पडतं. गरम इंजिन, आयडलवर, घाट उतरून टोलला थांबलात की लाइट फडफडते ती म्हणून.

जाड ऑइल हळू निसटतं, त्यामुळे काटा वर येतो. इथपर्यंत मिस्त्रीचं बरोबर आहे.

आता गणित बघा. निसटणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे प्रेशर तेवढंच धरलं आणि फट दुप्पट झाली, तर गळती दुप्पट नाही, आठपट. फट फक्त १० टक्क्यांनी वाढली तरी गळती ३३ टक्क्यांनी वाढते. २० टक्क्यांनी वाढली तर जवळपास ७३ टक्क्यांनी. आणि जाडीचं काय? ती साध्या प्रमाणात काम करते. साडेचौदावरून साडेअठरावर गेलात म्हणजे जाडी वाढली सुमारे २८ टक्के.

म्हणजे ४० वरून ५० वर जाऊन तुम्ही फटीतली जेमतेम ८-९ टक्के झीज भरून काढता. त्याहून जास्त झिजलेल्या बेअरिंगला ५० नंबर पुरत नाही, आणि ६० चं काहीतरी आणून ओतलं तरी शर्यत फटच जिंकणार.

काही जण यापुढे जाऊन इंजिनात ९० नंबरचं गिअर ऑइल मिसळतात. ९० म्हणजे ५० च्या जवळजवळ दुप्पट जाड, असा त्यामागचा समज. पण गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. ९० नंबरचं गिअर ऑइल तापल्यावर जाडीला इंजिन ऑइलच्या ४०-५० च्याच आसपास असतं. वर त्यात डिझेलची काजळी सांभाळणारी रसायनं नसतात. जाडीही फारशी मिळत नाही आणि इंजिन आतून घाण होतं ते वेगळंच.

लाइटवर नाही, गेजवर विश्वास ठेवा

डॅशबोर्डवरचा काटा जुन्या गाडीत बहुतेक वेळा शोभेपुरता उरलेला असतो. सेन्सर काढून त्या जागी साधं मेकॅनिकल प्रेशर गेज लावायचं, गाडी चांगली पळवून गरम करायची आणि मग मोजायचं. थंड इंजिनावर घेतलेलं रीडिंग काही कामाचं नाही, कारण थंड असताना झिजलेलं इंजिनही छान प्रेशर दाखवतं.

किती हवं, हे इंजिनागणिक वेगळं असतं आणि मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. उदाहरण म्हणून कमिन्सचं ५.९ लिटरचं बी सिरीज इंजिन घेऊ. आपल्याकडे टाटाच्या १६१३ सारख्या गाड्यांच्या 'टीसी' मॉडेलमध्ये, म्हणजे टाटा-कमिन्समध्ये, ते वर्षानुवर्षं पळालं. त्याला गरम असताना आयडलवर किमान १० पीएसआय आणि पूर्ण आरपीएमवर किमान ३० पीएसआय लागतं. आयडलवर १० हा आकडा ऐकून अनेकांना धक्का बसतो, इतका तो कमी आहे. म्हणजे तुमच्या गाडीत गरम आयडलवर १८ येत असेल, तर ऑइल जाड करायचं कारणच नाही. १५डब्ल्यू-४० चालू ठेवा.

१२-१३ येतंय, खालून ठोका येत नाही, रीडिंग सहा महिन्यांपूर्वी पण जवळपास एवढंच होतं? इथे एक पायरी वर जायला हरकत नाही. एकच. आणि पुढच्या मंदीच्या महिन्यात गाडी खोलायची हे मनाशी ठरवून.

१० च्या खाली आणि लोड घेतल्यावर खालून टकटक? तिथे कुठलंही ऑइल टाकू नका. चेंबर उतरवा. अनेक ट्रकांच्या इंजिनात गाडीखालूनच चेंबर काढून बेअरिंगच्या वाट्या बदलता येतात, पूर्ण इंजिन उतरवावं लागत नाही. वेळेवर केलं तर वाट्यांवर भागतं. उशीर केला की क्रँक ग्राइंडिंगला जातो. त्याहून उशीर केला तर बेअरिंग फिरतं, इंजिन जाम होतं आणि ते कुठल्या घाटात होईल हे आपल्या हातात नसतं.

आणि एक इशारा. प्रेशर अचानक पडलं असेल, म्हणजे गेल्या महिन्यात २० होतं आणि आज १२, तर ते म्हातारपण नाही. म्हातारपण हळूहळू येतं. अशा वेळी गेजपट्टी काढा. ऑइलची पातळी न टाकता वाढलेली दिसली तर आत डिझेल किंवा पाणी उतरतंय. दुधाळ रंग असेल तर पाणी. डिझेलचा वास आणि पाणचट हात लागला तर नोझल किंवा पंपाचं सील बघा. इथे जाड ऑइल टाकलंत तर आजार झाकला जाईल, बस.

ऑइल 'खाते' म्हणजे नक्की कुठे जातं?

दादाची दुसरी तक्रार होती लिटरभर ऑइल कमी होण्याची. प्रेशर आणि ऑइल खाणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं बेअरिंगचं, दुसरं बहुतेक वेळा रिंगांचं. गॅरेजमध्ये दोघांना एकच औषध दिलं जातं, तिथेच गडबड.

आधी रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी त्यावर डाग पडलेले असतील तर पॅकिंग किंवा क्रँकचं सील बदलायचंय, ऑइल नाही. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. भकाभका धूर बाहेर येत असेल तर बॅक कंप्रेशन आहे, म्हणजे रिंगा आणि लायनर थकलेत. इंटरकूलरचा पाइप काढून बघा, आत ऑइलचं डबकं असेल तर टर्बोकडे बघा.

एक जागा मात्र हमखास विसरली जाते, ती म्हणजे एअर ब्रेकचा कंप्रेसर. त्याला इंजिनाचंच ऑइल जातं आणि त्याच्या रिंगा झिजल्या की ते ऑइल हवेबरोबर ब्रेकच्या टाक्यांमध्ये जाऊन बसतं. टाकीचं पाणी सोडताना पाण्याऐवजी चिकट काळपट ऑइल आलं तर चोर सापडला. कंप्रेसरचं काम इंजिनाच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि हे ऑइल ब्रेकच्या व्हॉल्व्हची रबरं खराब करतं, त्यामुळे तो प्रश्न फक्त ऑइलचा राहत नाही.

रिंगाच गेल्या असतील तर जाड ऑइलने खाणं कधी थोडं कमी होतं, कधी काहीच फरक पडत नाही. आता पैशांत बघू. समजा गाडी महिन्याला ६,००० किलोमीटर पळते आणि ४ चं ॲव्हरेज देते. म्हणजे १,५०० लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरले तर १ लाख ३५ हजार रुपये. जाड ऑइल ढवळायला इंजिनाची ताकद जाते. त्याने ॲव्हरेज एक टक्क्याने जरी पडलं तरी महिन्याला १,३५० रुपये गेले. दुसरीकडे ऑइल खाणं हजार किलोमीटरला एक लिटरवरून अर्ध्या लिटरवर आलं असं धरा. वाचलं तीन लिटर. साडेतीनशेचा भाव पकडला तर १,०५० रुपये. म्हणजे ऑइल वाचलेलं डोळ्यांना दिसतं, डिझेल गेलेलं दिसत नाही. तुमचे स्वतःचे आकडे टाकून हा हिशोब एकदा करून बघा, उत्तर वेगळं येऊ शकतं.

जाडीपेक्षा महत्त्वाची दोन अक्षरं

५० नंबर घ्यायचंच ठरलं तरी दुकानात एक सापळा आहे. कपाटावर दिसणारं बरंचसं २०डब्ल्यू-५० हे पेट्रोल गाड्यांचं आणि बाइकचं असतं. डबा फिरवून 'एपीआय' पुढची अक्षरं वाचा. 'एस'ने सुरू होणारी ग्रेड पेट्रोलची, 'सी'ने सुरू होणारी डिझेलची. डिझेलमध्ये काजळी भरपूर बनते आणि ती ऑइलमध्ये तरंगत ठेवायची ताकद 'सी' ग्रेडमध्ये असते. ती नसेल तर काजळीचे गोळे होऊन ऑइल आपोआप घट्ट होतं आणि वाटा बुजतात. बीएस-३ च्या जुन्या ट्रकला सीआय-४ किंवा सीआय-४ प्लस ग्रेड भक्कम आहे. सीके-४ सुद्धा चालतं. ते २०१६ च्या शेवटी आलं आणि मागच्या इंजिनांनाही लागू पडेल असंच बनवलंय. त्याच्याबरोबरच आलेलं एफए-४ मात्र मुद्दाम पातळ ठेवलेलं आहे, ते जुन्या इंजिनात टाकायचं नाही.

बीएस-६ गाडीवाल्यांनी तर या जाडीच्या भानगडीत पडूच नये. तिथे धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि राख जास्त सोडणारं ऑइल तो फिल्टर चोंदवतं. कंपनी सांगेल तेच ऑइल.

कांदा-द्राक्षं घेऊन उत्तरेला आणि तिथून सफरचंदं घेऊन परत येणाऱ्या गाड्यांसाठी डब्ल्यूच्या आधीचा आकडा खरा कामाचा ठरतो. १५डब्ल्यू ऑइलची स्टार्टिंगची चाचणी उणे २० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. निफाडच्या थंडीत दोन्ही स्टार्ट होतील. पण हिवाळ्यात श्रीनगरच्याही पुढे द्रासच्या बाजूला रात्र काढायची वेळ आली, तर २०डब्ल्यू-५० भरलेली म्हातारी गाडी सकाळी सेल्फलाही दाद देणार नाही. त्या फेरीआधी १५डब्ल्यू-४० वर परत या.

सेकंडहँड ट्रक घ्यायला निघालेल्यांसाठी एक शेवटची गोष्ट. विकायच्या आदल्या दिवशी जाड ऑइल किंवा 'इंजिन ट्रीटमेंट'ची बाटली ओतून धूर आणि आवाज दाबणं ही जुनी चाल आहे. गाडी बघायला जाताना मालकाला सांगून ठेवा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. पोचलात की आधी इंजिनावर हात ठेवून बघा. ते आधीच गरम असेल तर का, ते विचारा. मग अर्धा तास लोडवर फिरवून आणा आणि गेज सोबत न्या. गेज लावू देत नसेल तर चहा घ्या आणि दुसरी गाडी बघा.